सोसायटीची साइट नवीन सर्व्हरवर नेली, निम्म्यांना अजून जुनीच दिसतेय – मोबाइलची कॅश साफ करून करून थकलो

ऐरोलीचा_जॉसे | सोमवार, सकाळी ९:१०

मंडळी मदत करा नाहीतर मला फ्लॅट विकून गावी जावं लागेल. आमची ऐरोलीत ८४ फ्लॅटची सोसायटी आहे, मी जॉइंट सेक्रेटरी, म्हणजे फुकटचा आयटी सपोर्ट. सोसायटीची एक छोटी वेबसाइट आहे, नोटिसा, मेंटेनन्सचं बिल, पाण्याच्या टँकरचं टाइमटेबल वगैरे. जुनं होस्टिंग महाग होतं म्हणून शनिवारी रात्री ११ वाजता सगळं नवीन कंपनीकडे हलवलं. माझ्या लॅपटॉपवर मस्त नवीन साइट दिसली, मी खूश होऊन झोपलो.

रविवारी सकाळपासून ग्रुपवर मेसेज सुरू, "अहो जुनंच बिल दिसतंय", "गणपती मीटिंगची नोटीस कुठेय", एका काकूंना तर मागच्या वर्षीच्या टाकी सफाईची नोटीस दिसली आणि त्यांनी दोन पिंपं पाणी भरून ठेवलं. मी ग्रुपवर टाकलं की सगळ्यांनी मोबाइलची कॅश क्लियर करा. तिथेच घोळ झाला. वरच्या मजल्यावरचे काका सेटिंगमध्ये जाऊन क्रोमचं 'क्लियर ऑल डेटा' दाबून बसले, सगळे टॅब गेले, सगळीकडचं लॉगिन गेलं, आणि जुनी साइट तशीच!! आता ते लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

गंमत म्हणजे माझ्याच फोनवर घरच्या वायफायवर जुनी दिसते आणि मोबाइल डेटावर नवीन. फोन एकच, ब्राउझर एकच. हे काय प्रकरण आहे?

घणसोलीचा_गण्या | सोमवार, ९:२२

एवढं काय त्यात, फ्लाइट मोड चालू करायचा, दहा सेकंद थांबायचं, बंद करायचा. डीएनएस कॅश उडते. आमच्या ऑफिसातली सगळी मंडळी हेच करतात, आमचा आयटीवाला पण फोन न उचलता हेच सांगतो.

कोपरीकर | सोमवार, ९:३१

क्रोम उघडा, उजवीकडे वर तीन टिंबं, 'डिलीट ब्राउझिंग डेटा', वर वेळ 'ऑल टाइम' निवडा आणि खाली फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' वर टिक ठेवा, बाकी सगळ्या टिक काढा. मग डिलीट. कुकीजवरची टिक काढायला विसरलात तर सगळीकडून लॉगआउट व्हाल, तेव्हा ते आधी बघा. सॅमसंगच्या ब्राउझरमध्ये सेटिंगमध्ये 'पर्सनल ब्राउझिंग डेटा' असं आहे, त्यात.

नेरूळची_ताई | सोमवार, ९:४८

जॉसे, काकांची चूक नाही हो, त्या दोन बटणांची नावंच अशी आहेत की कोणीही गंडेल. मी आईला फोन शिकवताना सांगते तसं लिहिते.

सेटिंग, ॲप्स, क्रोम, स्टोरेज इथे गेलं की 'क्लियर कॅश' आणि 'क्लियर स्टोरेज' किंवा 'मॅनेज स्पेस' अशी बटणं शेजारी शेजारी असतात. क्लियर कॅश म्हणजे घर झाडून घेणं. क्लियर स्टोरेज म्हणजे घरातलं सगळं सामान टेम्पोत भरून द्यायचं, ॲप आजच पहिल्यांदा टाकल्यासारखं होतं. उघडे टॅब, लॉगिन, साइटना दिलेल्या परवानग्या सगळं जातं. पासवर्ड गूगल अकाउंटला सिंक केलेले असतील तर परत साइन इन केल्यावर येतात, फक्त फोनमध्येच ठेवलेले असतील तर गेले. काकांना आधी अकाउंटमध्ये साइन इन करून बघायला सांगा, बरंच परत येईल आणि कदाचित लिफ्टमध्ये बोलतील पण.

आणि ब्राउझरच्या आतून कोपरीकर सांगतायत तसं करणं कधीही बरं, सेटिंगमधून जायची गरज काय.

ऐरोलीचा_जॉसे | सोमवार, १०:०५

ताई काकांना सांगतो, धन्यवाद. बाकी कोपरीकरांचं करून बघितलं, कॅश्ड इमेजेस उडवल्या, वायफायवर अजून जुनीच.

पण गण्याभाऊचा फ्लाइट मोड चालला राव! चालू-बंद केला आणि लगेच नवीन साइट आली.

सर्व्हर_रूमचा_एसी | सोमवार, १०:११

जॉसे, वर बघा, वायफायचं चिन्ह आहे का मोबाइल डेटाचं?

ऐरोलीचा_जॉसे | सोमवार, १०:१३

...डेटाचं. वायफाय परत जोडायच्या आतच मी साइट उघडली होती. आता वायफाय आला, परत जुनी. गण्या 😑

घणसोलीचा_गण्या | सोमवार, १०:१४

आमच्याकडे चालतं 😂

सर्व्हर_रूमचा_एसी | सोमवार, १०:५२

मी महापेला डेटा सेंटरमध्ये नाइट करून आत्ताच घरी आलोय, झोप उडालीच आहे तर लिहितो, लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सगळे 'कॅश' हा एकच शब्द वापरतायत आणि त्यात किमान चार वेगवेगळ्या जागा आहेत. सोसायटीच्याच भाषेत सांगतो. तुमच्याकडे कोणी पाहुणा आला आणि गेटवर म्हणाला "देशपांड्यांकडे जायचंय" तर वॉचमन रजिस्टर उघडून फ्लॅट नंबर सांगतो. डीएनएस म्हणजे ते रजिस्टर, साइटचं नाव दिलं की सर्व्हरचा नंबर मिळतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणायचं. आता दर वेळी सोसायटी ऑफिसात जाऊन रजिस्टर कोण बघणार म्हणून वॉचमन आपल्या छोट्या वहीत लिहून ठेवतो. देशपांडे बी विंगमध्ये गेले तरी वहीत ए विंगच. ही झाली डीएनएस कॅश. आणि ब्राउझरची कॅश वेगळी, ती म्हणजे तुम्ही नोटीस बोर्डाचा फोटो काढून ठेवलाय आणि बोर्डापर्यंत न जाता फोटोच बघताय. वहीत चूक असेल तर फोटो डिलीट करून काय होणार? पाहुणा ए विंगलाच जाणार.

बरं वह्या तरी किती. क्रोम स्वतःची एक ठेवतो. ॲन्ड्रॉइडची आणखी एक असते, आणि ती प्रत्येक नेटवर्कची वेगळी, वायफाय तुटला की त्याची वही फाडली जाते, गण्याच्या फ्लाइट मोडचं रहस्य एवढंच आहे. मग घरचा राउटर, बऱ्याच राउटरमध्येही छोटी कॅश असते. आणि शेवटी ब्रॉडबँडवाल्याचा किंवा मोबाइल कंपनीचा सर्व्हर, ज्याला रिझॉल्व्हर म्हणतात, सगळ्यात जाड वही त्याची, आणि तिथे तुमचा हात पोचत नाही, फोन फॉरमॅट केला तरी नाही.

प्रत्येक नोंदीला मुदत असते, टीटीएल, सेकंदात लिहितात. ३०० म्हणजे ५ मिनिटं, ३६०० म्हणजे तास, ८६४०० म्हणजे अख्खा दिवस. मुदत संपली की वहीवाल्याने परत वर विचारायचं. आणि 'असं नावच नाही' हे उत्तरसुद्धा लिहून ठेवलं जातं बरं का, म्हणून नवीन डोमेन घेतल्या घेतल्या घाईघाईत दहा वेळा उघडून बघू नये, नकारच वहीत जाऊन बसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पुसायच्या आधी अडकलंय कुठे ते बघा. जॉसे, तीन गोष्टी करा. १) त्याच वायफायवर इन्कॉग्निटो टॅबमध्ये साइट उघडा, नवीन दिसली तर घोळ ब्राउझरच्या कॅशमध्ये. २) वायफायवर एक आणि डेटावर एक, असं चार-पाच वेगळ्या फोनवर बघा. ३) नवीन साइटच्या तळाशी एखादी खूण टाका, 'न' अक्षर वगैरे, म्हणजे लोकांना नवीन-जुनी ओळखता येईल, नाहीतर काकू अंदाजाने सांगणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शनिवारी तुम्ही नक्की काय बदललंत? फक्त ए रेकॉर्ड म्हणजे आयपीचा आकडा, का नेमसर्व्हर पण, म्हणजे तुमच्या नावाचं मूळ रजिस्टर ज्या सर्व्हरवर असतं तो?

तलावपाळीचा_बगळा | सोमवार, ११:०४

डेटा सेंटर महापेला, सोसायटी ऐरोलीला, रिक्षाने वीस मिनिटं, आणि पत्ता पोचायला दोन दिवस. ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असेल 😄

सर्व्हर_रूमचा_एसी | सोमवार, ११:०९

बगळा, हे बरंय म्हणायचं. १९८३ च्या आधी तर अख्ख्या नेटवर्कची नावं एकाच फाइलमध्ये असायची, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली आणि जगातली सगळी मशिनं ती उतरवून घ्यायची. नवीन मशिन आलं की त्यांना कळवायचं. पॉल मॉकापेट्रिसनी १९८३ मध्ये डीएनएस काढलं ते या कटकटीपायी. आणि कॅश नसती तर तुमचं प्रत्येक पान उघडताना आधी जगभर विचारत फिरावं लागलं असतं. कॅशला शिव्या देऊ नका.

मुंब्र्याची_स्वाती | सोमवार, ११:३०

मध्येच विचारते, मला क्रोममध्ये डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन असं येतं एका साइटला, बहिणीच्या फोनवर तीच साइट चालते. फ्लाइट मोड केला, रीस्टार्ट केलं, क्रोमची कॅश पण उडवली. ॲन्ड्रॉइडच आहे.

कोपरीकर | सोमवार, ११:४१

स्वातीताई, क्रोमची ती आतली वही वेगळी पुसावी लागते. वरच्या पट्टीत क्रोम://नेट-इंटर्नल्स/#डीएनएस असं टाका, अर्थात इंग्रजीत, मी इथे मराठीत लिहिलंय. पान उघडलं की 'क्लियर होस्ट कॅश' बटण आहे ते दाबा. मग त्याच पानावर 'सॉकेट्स' मध्ये जाऊन 'फ्लश सॉकेट पूल्स'. दाबल्यावर काही घडल्यासारखं वाटत नाही, ना हिरवी टिक ना काही, पण झालेलं असतं. ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा.

ठाण्याचा_सफरचंदवाला | सोमवार, ११:५५

माझ्या आयफोनवरच्या क्रोममध्ये हे पान उघडतच नाही.

कोपरीकर | सोमवार, ११:५८

हे ॲन्ड्रॉइडचंच सांगतोय. आयफोनवाल्यांनी आपलं वेगळं गाऱ्हाणं मांडावं.

ठाण्याचा_सफरचंदवाला | सोमवार, १२:१५

मांडतो. आयफोनमध्ये डीएनएस पुसायचं वेगळं बटणच नाही, फ्लाइट मोड किंवा रीस्टार्ट एवढंच. सफारीची कॅश सेटिंग, ॲप्स, सफारी, 'क्लियर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा' मधून जाते, जुन्या आयओएसमध्ये सफारी थेट सेटिंगच्या यादीत दिसतं. पण तिथे एक गोम आहे, आयक्लाउडवर सफारी सिंक असेल तर आयपॅडवरची हिस्टरी पण जाते, मी हे बायकोच्या आयपॅडवर शिकलो. एकाच साइटचं काढायचं असेल तर तिथेच 'ॲडव्हान्स्ड', 'वेबसाइट डेटा', साइट शोधून डावीकडे सरकवा.

आणि कोणी 'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज' करायला सांगितलं तर शेवटी करा. त्यात सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएन जातात. मी केलं आणि ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड मागायला परत ॲडमिनकडे गेलो, त्याने असं बघितलं जसं काही मी त्याची किडनी मागतोय.

पनवेल_पॅसेंजर | सोमवार, १२:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा एक क्लीनर ॲप टाका ना, एक बटण दाबलं की सगळं साफ, फोन पण फास्ट होतो.

नेरूळची_ताई | सोमवार, १२:३८

नको!! ॲन्ड्रॉइड आपली कॅश आपण सांभाळतं, जागा कमी पडली की स्वतः काढतं. कॅश रोज उडवली तर साइटी उलट हळू उघडतात, सगळं परत उतरवावं लागतं, डेटा जातो तो वेगळाच. आणि त्या ॲपमध्ये जाहिराती इतक्या की क्लीनर साफ करायला दुसरा क्लीनर लागतो.

आणि कोणी फोन करून "तुमचा डीएनएस खराब आहे, हे स्क्रीन शेअरिंग ॲप टाका" म्हणालं तर फोन ठेवायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये एका बाईंनी गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि भलत्यालाच फोन लागला, तो माणूस ॲप टाकायला सांगत होता, नशिबाने मुलगा घरी होता. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा हे घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

मुंब्र्याची_स्वाती | सोमवार, १२:५०

क्लियर होस्ट कॅश केलं, अजूनही तेच येतंय 😢

सर्व्हर_रूमचा_एसी | सोमवार, १२:५८

स्वाती, सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' मध्ये काही लिहिलंय का बघ. सॅमसंगमध्ये कनेक्शन्स, मोअर कनेक्शन सेटिंग्ज मध्ये असतं, बाकी फोनमध्ये 'कनेक्शन अँड शेअरिंग' किंवा 'नेटवर्क अँड इंटरनेट'. सापडलं नाही तर सेटिंगच्या सर्चमध्ये टाक.

मुंब्र्याची_स्वाती | सोमवार, १:०६

अय्या हो. ॲडगार्डचं काहीतरी लिहिलंय. भावाने जाहिराती बंद करायला दिवाळीत टाकून दिलं होतं, मी विसरलेच.

सर्व्हर_रूमचा_एसी | सोमवार, १:२०

मग तेच. जाहिराती अडवणारा डीएनएस काही नावांना 'असं नावच नाही' म्हणून उत्तर देऊ शकतो, एनएक्सडोमेन म्हणजे तेच, त्यात कधी चांगली साइटही सापडते. तुझी कॅश बिचारी निर्दोष. 'ऑटोमॅटिक' वर ठेवून बघ, चाललं तर तिथेच होतं.

ॲन्ड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून ही सोय आहे, फोन आणि डीएनएस सर्व्हरमधलं बोलणं बंद पाकिटात जातं, मधल्या कोणाला दिसत नाही. चांगली गोष्ट आहे पण लोक लावतात आणि विसरतात. त्यात ८.८.८.८ असा आकडा टाकला तर सेव्हच होत नाही, नाव लागतं, गूगलचं डीएनएस डॉट गूगल, क्लाउडफ्लेअरचं वन डॉट वन डॉट वन डॉट वन, तेही इंग्रजी अक्षरांत, आकड्यात नाही. आणि हे ८५३ नंबरच्या पोर्टवरून जातं, काही ऑफिसांच्या किंवा कॅफेच्या वायफायवर ते पोर्ट बंद असतं, मग वायफायला फुल रेंज आणि एकही साइट उघडत नाही, माणूस राउटरला शिव्या घालतो.

जॉसे, तुमच्या बिल्डिंगमध्ये पण हे विचारा. ज्याने प्रायव्हेट डीएनएसमध्ये नाव टाकलंय त्याला वायफाय आणि डेटा दोन्हीकडे एकाच सर्व्हरकडून उत्तर मिळतं, त्याच्या फोनवर तुमची तुलना फुकट जाईल. क्रोममध्येही 'यूज सिक्युअर डीएनएस' असतं, तिथे कंपनी निवडली असेल तर तसंच.

मुंब्र्याची_स्वाती | सोमवार, १:२५

चाललं!!! थँक्यू दादा. भावाला बघते संध्याकाळी.

ऐरोलीचा_जॉसे | सोमवार, ३:४०

जेवायला घरी गेलो होतो तेव्हा रिसर्च केला, वॉचमन दादापासून सुरुवात केली. रिपोर्ट असा –

मोबाइल डेटावर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, एकावर नवीन, दुसऱ्यावर जुनी. बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे माझ्याच ब्रॉडबँडवाल्याचं कनेक्शन आहे त्या सगळ्यांना जुनी. दुसऱ्या ब्रॉडबँडवाल्यांना नवीन. इन्कॉग्निटोमध्ये पण वायफायवर जुनीच. माझा राउटर आणि क्लबहाउसचा राउटर दोन्ही बंद करून पाच मिनिटांनी चालू केले, फरक शून्य, फक्त क्लबहाउसमध्ये कॅरम खेळणारी पोरं ओरडली. तळाला 'न' टाकला, काकू म्हणाल्या न दिसत नाही, मी म्हणलं न दिसत नाही म्हणजे जुनी, त्यांनी विचारलं मग दिसत नाही तर मला कसं कळणार न होता म्हणून. मी पायऱ्यांनी खाली आलो.

आणि हो, नेमसर्व्हर पण बदलले. नवीन कंपनीवाले म्हणाले आमचेच टाका, सोपं जाईल, टाकले. डोमेन डॉट कॉम आहे.

सर्व्हर_रूमचा_एसी | सोमवार, ४:२०

झालं. सापडलं. कोणाच्याही मोबाइलमध्ये काही नाही, काकांच्या तर नाहीच नाही.

डॉट कॉमच्या वरच्या रजिस्टरमध्ये तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर कोण, ही जी नोंद असते तिची मुदत १७२८०० सेकंद आहे, म्हणजे ४८ तास. शनिवारी संध्याकाळी तुमच्या ब्रॉडबँडवाल्याच्या रिझॉल्व्हरने ती वहीत लिहून घेतली असेल तर तो सोमवार संध्याकाळपर्यंत जुन्याच नेमसर्व्हरला विचारायला जाणार. जुना नेमसर्व्हर अजून चालू आहे, त्याला तुम्ही गेलात हे कोणी सांगितलेलंच नाही, तो आपला प्रामाणिकपणे जुना आयपी देतोय. जुना सर्व्हर पण चालू, म्हणून साइट बंद न पडता जुनी दिसते. बंद पडली असती तर निदान लवकर कळलं असतं. आणि काही रिझॉल्व्हर असे असतात की जुना नेमसर्व्हर उत्तराबरोबर "मीच अजून मालक" असं सांगत राहतो आणि ते ऐकत राहतात, मग ४८ तासांच्या वरही जातं. म्हणून नुसती वाट बघू नका.

उपाय एकच आणि सोपा, जुन्या कंपनीच्या पॅनेलमध्ये जाऊन तिथल्या ए रेकॉर्डमध्ये नवीन सर्व्हरचा आयपी टाका. मग कोणी जुन्याला विचारो की नव्याला, उत्तर एकच.

खरं तर हलवायच्या एक-दोन दिवस आधी जुन्या ठिकाणी टीटीएल ३०० करून ठेवायचा असतो आणि हलवताना तिथलाही आयपी बदलायचा असतो, मग हा सगळा तमाशा पाच मिनिटांचा. पण ते सगळ्यांना एकदा पोळल्यावरच कळतं, मलाही तसंच कळलं, फक्त माझ्यावेळी ८४ फ्लॅट नव्हते, एक अख्खं ऑफिस होतं.

ऐरोलीचा_जॉसे | सोमवार, ४:३१

जुन्या पॅनेलचा पासवर्ड माझ्याकडे नाही. साइट आधीच्या कमिटीतल्या एकांच्या भाच्याने केली होती. भाचा पुण्याला असतो. आणि ते एक म्हणजे तेच काका, लिफ्टवाले.

तलावपाळीचा_बगळा | सोमवार, ४:३३

😂😂😂😂 पेढे घेऊन जा

नेरूळची_ताई | सोमवार, ४:४०

जॉसे, आधी जाऊन काकांचे टॅब परत आणून द्या, मग भाच्याचा विषय काढा. क्रम चुकवू नका.

घणसोलीचा_गण्या | सोमवार, ४:४५

किंवा फ्लाइट मोड करा, काका रीसेट होतील

ऐरोलीचा_जॉसे | सोमवार, रात्री ८:५५

ताईंचं ऐकलं. काकांकडे गेलो, गूगल अकाउंटमध्ये साइन इन करून दिलं, पासवर्ड सगळे परत आले, बुकमार्क आले, टॅब मात्र गेले ते गेलेच, पण त्यातले तीस तरी एकाच साबुदाणा वड्याच्या रेसिपीचे होते असं काकूंनी आतून सांगितलं. चहा झाला. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, त्याने ईमेल शोधून पासवर्ड दिला, लॉगिन केलं, ए रेकॉर्डमध्ये नवीन आयपी टाकला. तिथला टीटीएल १४४०० आहे, म्हणजे ४ तास ना?

सर्व्हर_रूमचा_एसी | सोमवार, ९:१०

बरोबर. जास्तीत जास्त ४ तास, झोपा. टीटीएल पण ३०० करून टाका, आणि जुनं होस्टिंग आठवडाभर तरी बंद करू नका. ज्यांनी गूगलचा ८.८.८.८ लावलाय त्यांच्यासाठी गूगलच्या डीएनएसचं 'फ्लश कॅश' म्हणून पान आहे, क्लाउडफ्लेअरचं पण आहे, डोमेनचं नाव टाकून त्यांच्या वहीतली नोंद आपण पुसायला लावू शकतो. ब्रॉडबँडवाल्याकडे तशी सोय मी तरी बघितली नाही. आणि फोनवर डीएनएस डॉट गूगल उघडून नाव टाकलं तर सध्या कुठला आयपी मिळतोय आणि किती सेकंद उरलेत तेही दिसतं, मला नाइटला वेळ जायला चांगलं आहे.

ऐरोलीचा_जॉसे | मंगळवार, सकाळी ७:४०

मंडळी, सगळ्यांना 'न' दिसतोय!! काकूंना पण. फक्त एकच फोन राहिलाय, सी विंगमधल्या आमच्या खजिनदार वहिनींचा. त्यांना 'पान सापडलं नाही' येतंय. इन्कॉग्निटोमध्ये मात्र नवीन साइट व्यवस्थित उघडते. वायफाय-डेटा दोन्हीकडे सेम.

कोपरीकर | मंगळवार, ७:५८

इन्कॉग्निटोमध्ये चालतंय म्हणजे आता खरंच ब्राउझरची कॅश, आता माझा नंबर आला 😎 जुनी साइट उघडली की आपोआप दुसऱ्या कुठल्या पानावर जायची का? म्हणजे मुख्य पत्ता टाकला की पुढे काहीतरी लागायचं असं?

ऐरोलीचा_जॉसे | मंगळवार, ८:०४

हो, 'होम २०२१' असल्या नावाच्या पानावर जायची. भाच्याची करामत. नवीन साइटवर ते पान नाहीच.

कोपरीकर | मंगळवार, ८:१५

मग तेच. भाच्याने ३०१ लावला असणार, म्हणजे 'कायमचं तिकडे गेलंय'. ब्राउझर ते खरंच कायमचं धरून बसतो, पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच तिकडे उडी मारतो. वहिनी रोज हिशोबासाठी साइट उघडत असतील म्हणून त्यांच्या फोनमध्ये पक्कं बसलंय. बाकीच्यांच्या कॅश तुम्ही रविवारीच उडवायला लावल्यात, म्हणून ते सुटले, बघा, अगदीच वाया नाही गेलं.

त्यांना फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' काढायला सांगा, वेळ 'ऑल टाइम', शेवटचा एक तास ठेवला तर जाणार नाही. आधी खात्री करायची असेल तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि कुठलाही आकडा लावून उघडा, ब्राउझरला तो वेगळा पत्ता वाटतो आणि तो सर्व्हरला विचारायला जातो. मोबाइलवर पान खाली ओढून रिफ्रेश करतो ना आपण, त्याने हे असलं जात नाही.

नेरूळची_ताई | मंगळवार, ८:२२

आणि त्या व्हॉट्सॲपवरून लिंक उघडतात का फेसबुकवरून ते पण विचारा. फेसबुकच्या आत जो ब्राउझर उघडतो त्याची कॅश वेगळी, क्रोममध्ये कितीही पुसलं तरी तिथे तेच. आमच्याकडे यात दोन दिवस गेले होते.

ऐरोलीचा_जॉसे | मंगळवार, ९:३०

वहिनींचं झालं. क्रोमच होतं, कॅश्ड फाइल्स काढल्या आणि उघडली. कुकीजची टिक मी स्वतः हाताने काढली, दोनदा बघितली. नवीन साइटवर 'होम २०२१' वरून मुख्य पानावर परत पाठवायचं पण लावून टाकलं, म्हणजे अजून कोणी तिकडे गेलं तर अडकणार नाही.

एसी दादा, कोपरीकर, ताई, मनापासून आभार, कधी ऐरोलीला आलात तर स्टेशनबाहेर वडापाव माझ्याकडून. गण्या तू पण ये, फ्लाइटने.

घणसोलीचा_गण्या | मंगळवार, ९:३४

घणसोलीवरून दोन स्टेशनं आहेत, फ्लाइटला वेळ लागेल

तलावपाळीचा_बगळा | मंगळवार, ९:५०

मग आता ग्रुप शांत?

ऐरोलीचा_जॉसे | मंगळवार, १०:०२

कसला शांत. आता सगळ्यांना नवीन साइट दिसतेय, म्हणजे सगळ्यांना वाढलेला मेंटेनन्स पण दिसतोय. काकांनी आत्ताच ग्रुपवर लिहिलंय की जुनी साइट बरी होती.